खेकडिणीला ठाऊक होतं

टॉटनेस, कोरोनी
शनिवार, ९ एप्रिल २००५

दादा,

हे पत्र उभ्याने वाचू नकोस. नाताळच्या कार्डापलीकडे मी तुला कधी काही लिहिलं नाही, त्यामुळे जाड पाकीट बघून तुला आधी वाटेल, आई गेली. आई ठणठणीत आहे. आत्ता मागच्या अंगणात नारळ सोलते आहे. मी खिडकीतून तिच्याकडे बघते आहे.

बाबा बुडाले नव्हते.

हे वाक्य मी लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. आता राहू दे. बाबा बुडाले नव्हते. आपली होडी चिखलाच्या पट्ट्यावर उलटी सापडली, आपण आठवडाभर समुद्राकडे डोळे लावून बसलो, रिकाम्या शवपेटीत त्यांचा निळा सूट ठेवून ती पुरली, दफनानंतर आठव्या दिवशी सगळ्या गावाला जेवू घातलं, आणि ते सगळा वेळ जिवंत होते. हे आईला माहीत होतं. तिनेच सांगितलं. मला एकटीला सांगितलं असतं तर म्हटलं असतं, म्हातारीला भ्रम झाला. पण तिने सांगितलं काल संध्याकाळी, वाचनालयात, भरल्या सभेत.

तुला सगळं नीट सांगते, म्हणजे मलाही नीट कळेल.

मी वाचनालय हातात घेतलं तेव्हा पुस्तकांना वाळवी लागली होती आणि वाचकांना झोप. म्हणून मी महिन्याच्या दुसऱ्या शुक्रवारी गोष्टीची संध्याकाळ सुरू केली. अंधार पडला की खुर्च्या गोल मांडायच्या, फ्रेडामावशीच्या भट्टीतून खोबऱ्याचा केक आणायचा आणि लोथारकाकांना मध्ये बसवायचं. लोथारकाका तुला आठवतील, बाबांबरोबर मासेमारीला जायचे ते. आता समुद्र सुटला, बोलणं मात्र सुटलं नाही. डच पुस्तकांना हात न लावणारी माणसं त्यांच्या गोष्टीला पार मेरीज होप गावाहून सायकली हाणत येतात.

काल त्यांनी खेकड्याची गोष्ट घेतली. “एर तिन-तिन!” अशी त्यांनी गोष्ट सुरू करायची हाक दिली, आम्ही “तिन-तिन-तिन!” म्हणून कान टवकारले. खेकडा बायकोला कंटाळला. एक दिवस त्याने कात टाकली, कडक कवच बिळाच्या तोंडाशी ठेवलं आणि मऊ अंगाने गुपचूप निसटला. खेकडीण आली, कवच बघितलं आणि लागली ऊर बडवायला. सगळा चिखलपट्टा जमला, प्रेतयात्रा निघाली.

“आणि ती खेकडीण,” काका म्हणाले, “इतकी बावळट, इतकी बावळट, की कवच हातात घेऊनसुद्धा तिच्या डोक्यात प्रकाश पडेना! अगं बाई, हे एवढं हलकं कसं?”

सगळे खो खो हसले. मीही हसले, दादा.

तेवढ्यात आई उठली. आपल्याकडे गोष्ट मध्येच तोडायची रीत आहे. रॉटरडॅमला कोणी करत नसेल, पण तू विसरला नसशील. ऐकणारा उठतो, “त्या वेळी मी तिथे होतो!” असं म्हणतो, आपण काय पाहिलं ते दोन शब्दांत सांगतो, एक गाणं म्हणतो, सगळे ते उचलून धरतात आणि मग सांगणारा पुढे जातो. आई कधी तोडत नाही. ती केक खाते आणि लोकांच्या चपला बघते.

“त्या वेळी मी तिथे होते!” ती म्हणाली.

टाळ्या पडल्या. फ्रेडामावशी ओरडली, “बोल, एस्तेलिना! खेकडिणीची बाजू घे!”

“घेणारच. बावळट नव्हती ती. कवच हलकं आहे हे तिला ठाऊक होतं. तिनेच ते धुतलं, पुसलं, दारात मांडलं. शेजाऱ्यांना दाखवायला.”

अजूनही लोक हसतच होते. मग तिने गाणं म्हटलं, त्या चर्चमधल्या खणखणीत आवाजात:

कवचात निळा सूट, खिशात कंगवा,
कवच पुरलं, फुलं वाहिली,
मऊ खेकडा नदीपल्याड
दुसऱ्या बिळात भात जेवतो.

मागे बसलेल्या दोन शाळकरी पोरींनी गाणं उचललं. बाकी कोणी नाही. शवपेटीत कंगवा ठेवताना अर्धं गाव तिथे उभं होतं. लोथारकाकांनी तर तो कंगवा स्वतःच्या हाताने सुटाच्या खिशात घातला होता.  गोष्ट पुढे गेलीच नाही. फ्रेडामावशीने उगाच केक कापायला घेतला.

आई खाली बसली, मला म्हणाली, “चल, डास चावतात.” आणि आम्ही घरी आलो.

काकांनी मुद्दाम केलं नव्हतं, हे मी पैजेवर सांगते. ती त्यांची जुनीच गोष्ट आहे. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. पण मला वाटतं, आईला चोर म्हटलेलं चाललं असतं. बावळट म्हटलेलं चाललं नाही.

पाणी पी आणि मला फोन कर.

लुडी


टॉटनेस
बुधवार, २० एप्रिल

दादा,

फोन केलास. “लुडी, तू प्यायली आहेस का?” एवढं विचारलंस आणि ठेवून दिलास. नाही, प्यायले नाही. प्यायले असते तर बरं झालं असतं.

तू रागावलास ते समजतं. एकोणीस वर्षं तू बापाला मारल्याचं ओझं वागवतो आहेस आणि धाकटी बहीण एक दिवस पत्र टाकून सांगते, अरे, ते ओझं रिकामं होतं. मी तेव्हा पंधराची होते. मला आठवतं ते एवढंच, की त्या पहाटे तुझं आणि बाबांचं भांडण झालं, तू होडीवर गेला नाहीस, आणि दफनाच्या दिवशी चर्चच्या पायरीवर आई सगळ्यांदेखत तुला म्हणाली, “तू बरोबर असतास तर हा परत आला असता. तू मारलंस त्याला.” त्यानंतर गावात तुला कोणी उभं केलं नाही. तू विमानात बसलास तेव्हा पोचवायला कोणी आलं नव्हतं. हे सगळं मी आत्ता-आत्तापर्यंत वाईट नशीब म्हणून बाजूला ठेवलं होतं. आता ते नशीब राहिलं नाही. आता ते आईने केलेलं काम आहे, आणि ते तिने का केलं हे मला कळत नाही. मला झोप नाही, भूक नाही. दिवसभर पुस्तकं चुकीच्या कपाटात लावते.

मी तिला विचारलं नाही असं समजू नकोस. तुला पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी, ती तांदूळ निवडत होती, मी सरळ म्हटलं, “आई, बाबा कुठे आहेत?”

तिने वर बघितलंही नाही. “गोष्टीत बोललेलं दिवसा विचारतेस? पापणीचा केस काढ आधी.”

तुला आठवतं ना, आजी म्हणायची, दिवसाउजेडी गोष्ट काढली तर पापणीचा केस उपटून टाकायचा, नाहीतर घरावर संकट येतं. मी काढला, दादा. चौतीस वर्षांची बाई, सरकारी पगार घेते, आणि स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःच्या पापणीचा केस उपटला. डोळ्यातून घळघळा पाणी आलं. तो केस तिच्या सुपाच्या कडेवर ठेवला.

तिने बघितलं आणि म्हणाली, “एका केसात एवढं येत नाही.”

आणि तांदूळ निवडत राहिली. मला हसू आलं, मग इतका संताप आला की मी अंगणात जाऊन कोंबड्यांवर ओरडले.

लोथारकाका वाचनालयात आले होते. टोपी हातात, म्हातारं तोंड एवढंसं झालेलं. “लुडी, शपथेवर सांगतो पोरी, मी कुणाला उद्देशून बोललो नाही.”

“माहीत आहे, काका. तुम्हाला बाबांचं काही माहीत होतं का?”

“मला? मी आठवडाभर त्या चिखलात गुडघ्यापर्यंत रुतून त्याचं प्रेत शोधलंय!” त्यांचा आवाज चिरकला. “हाका मारत होतो त्याला. वेड्यासारखा. आणि तो तिकडे भात जेवत होता?”

 जाताना ते म्हणाले, “गोष्ट अर्धी राहिली आहे. पुढच्या वेळी तिथूनच उचलावी लागेल, अर्धी टाकता येत नाही. तू काय ते ठरव.”

मी ठरवलं आहे. दिवसा ती बोलणार नाही. घरात बोलणार नाही. पण गोष्ट चालू असताना कोणीही तोडू शकतं आणि तोडणाऱ्याने विचारलं तर ज्याला ठाऊक असेल त्याला गोष्टीतच उत्तर द्यावं लागतं. ही रीत पाळायची सवय आईला माझ्यापेक्षा जास्त आहे. तेव्हा मीही उठणार. मला गाता येत नाही हे तुला माहीतच आहे.

मला बाबांचा पत्ता नको आहे. तू निर्दोष आहेस हे मला तिच्याच तोंडून हवं आहे, आणि ज्यांच्यासमोर तुला दोषी ठरवलं त्यांच्यासमोरच हवं आहे.

लुडी


टॉटनेस
शनिवार, १४ मे

दादा,

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहिते आहे. हे तुझंच आहे, तुझ्याकडे पोचायला हवं.

काल वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. फ्रेंडशिप गावाहून, मेरीज होपहून, कधी पुस्तकाचं तोंड न पाहिलेले लोकसुद्धा आले. मला वाटलं होतं, आई येणार नाही. ती माझ्या आधी तयार होऊन दारात उभी. आणि डोक्याचा रुमाल कसा बांधला होता म्हणतोस? ती तीन टोकं बाहेर काढतात ना, “बोलू दे लोकांना” म्हणतात तो प्रकार. वाटेत माझ्याशी पावाच्या भावाबद्दल बोलत होती.

लोथारकाकांनी गोष्ट उचलली. आवाज बसलेला. “तर खेकडिणीने कवच पुरलं...”

“त्या वेळी मी तिथे होते!” मी उठले.  “मी खेकडिणीची मुलगी. मला विचारायचं आहे, मऊ खेकडा आता कुठे आहे?” आणि माझ्या त्या फुटक्या आवाजात काहीतरी गायले. कोणी हसलं नाही.

आई उठली. माझ्याकडे न बघता बोलली.

“त्या वेळी मी तिथे होते. खेकडा गेला त्याच्या चौथ्याच दिवशी निरोप आला होता. जिवंत आहे, नदीपल्याड आहे, वाट बघू नका. खेकडिणीने विचार केला. विधवेच्या दारात लोक ताट झाकून आणून ठेवतात. सोडून दिलेलीच्या दारात काय ठेवतात? सल्ला! म्हणून तिने कवच पुरलं.”

“आणि तो?” मी विचारलं. रीतीप्रमाणे “मी तिथे होते” म्हणायला हवं होतं, पण विसरले.

“तो मेला. सहा वर्षांपूर्वी, खराखुरा. पल्याडच्या बाईने निरोप धाडला, येऊन हात लावा म्हणून. खेकडीण गेली. एकाच नवऱ्याला दोनदा पुरलं तिने.” ती थांबली. “या वेळी जड होतं.”

दादा, सहा वर्षांपूर्वी ती मोतीबिंदू दाखवायला म्हणून राजधानीत, पारामारिबोला गेली होती. आठवडा राहिली. परत आली तेव्हा डोळे लालबुंद. मी तिला सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब घातले, डॉक्टरला शिव्या दिल्या की काय केलंय म्हाताऱ्या बाईचं. ती डोकं मागे टेकून गुपचूप थेंब घालून घ्यायची. 

बाबा आता खरेच नाहीत, हे असं कळलं. महिन्याभरात मिळाले आणि गेले. तुलाही हे वाचताना तसंच होणार आणि मी तिथे नाही. पण थांबायचं नव्हतं मला.

“त्या वेळी मी तिथे होते,” मी पुन्हा म्हटलं. “खेकडिणीला एक मोठा मुलगा होता. त्याने काय केलं होतं?”

 कुणाची तरी खुर्ची करकरली. काका म्हणाले, अगदी हळू, “वहिनी, तोडलं आहे तिने. उत्तर द्यावं लागतं.”

“काही केलं नव्हतं,” आई म्हणाली.

मला वाटलं, संपलं. हेच हवं होतं. मी बसणार होते. पण ती पुढे बोलायला लागली, आणि आता तिचा आवाज चर्चमधला नव्हता.

“तोच एकटा कवच उचलून बघणार होता. सगळे रडत होते आणि तो म्हणत होता, होडी अशी उलटत नाही, वल्ही जागेवर आहेत, मी नदीपर्यंत जातो, विचारत विचारत जातो. दोन दिवसांत त्याला शोधून काढलं असतं त्याने. हट्टी होता, बापावर गेला होता. मग खेकडीण काय करणार? तिने त्याच्या डोक्यावर दोष ठेवला. ज्याच्या डोक्यावर दोष असतो तो शोधायला जात नाही. तो पळून जातो.”

हे तिने ठरवून केलं होतं, दादा. रागात नाही, दुःखात नाही. तुला ओळखून केलं.  आई आपल्याला रागावते, मारते, विसरते, हे मी समजू शकते. आई आपल्याला इतकी नीट ओळखते आणि त्याचा असा उपयोग करते, हे माझ्या डोक्यात शिरत नाही.

बोलून झाल्यावर गाणं म्हणायचं असतं. तिला गाणं सुचेना. उभी राहिली, ओठ हलवले, आवाज नाही. आम्ही सगळे बघत होतो. मग फ्रेडामावशी उठली, पिठाच्या हाताने तोंड पुसत. “त्या वेळी मी तिथे होते. त्या पोराला मी पाव विकला नाही. पाव होता, तरी संपला म्हणाले.” मेरीज होपचा एक म्हातारा उठला, मी त्याला ओळखतही नाही. “मीही होतो. त्याची सायकल कालव्यात टाकली.” मग कोणी आणखी, मग आणखी कोणी. कोणीच गायलं नाही. आई त्या सगळ्यांत उभी होती आणि मी तिला हात धरून बसवलं नाही. कोणीतरी बसवायला हवं होतं. मी बसवलं नाही.

शेवटी लोथारकाका म्हणाले, “ही गोष्ट माझी राहिली नाही,” आणि टोपी घालून घरी गेले.

आज सकाळी आईने चहा मागितला. मी दिला. त्यापुढे तिच्याशी काय बोलावं मला कळत नाही. तिच्यावर प्रेम नाही असंही म्हणता येत नाही, ते तिथेच आहे, आणि त्यानेच जास्त त्रास होतो.

तू त्यांना मारलं नाहीस. एवढ्या गावात तुलाच एकट्याला ते हवे होते आणि तू शोधायला निघाला होतास. आता हे सगळ्यांना माहीत आहे.

लुडी


टॉटनेस
गुरुवार, २ जून

दादा,

परवाचं तुझं फोनवरचं बोलणं मी शब्दन् शब्द तिला सांगितलं, तू म्हणालास तसंच. तू जुलैत येणार. टॉटनेसला नाही, आपल्या घरी नाही. कायेनला उतरून सरळ सरहद्दीच्या नदीपल्याड सेंट लॉरेंटला, कबरीवर. “आणि आईला घेऊन ये,” असंही म्हणालास. मी विचारलं, “नक्की?” तू म्हणालास, “कबर तिलाच ठाऊक आहे.”

ते खरंच आहे. कबरीचं तिने मला दिवसाढवळ्या सांगितलं, आढेवेढे न घेता. क्रॉसवर नाव नाही. मेलेल्या माणसाच्या नावाने पुन्हा कसं मरणार? पल्याडच्या बाईनेही गाव सोडलं. तिकडच्या कारकुनाला विचारून उपयोग नाही, वहीत बाबांचं नाव कुठेच नसेल. भिंतीकडून जायचं, आंब्याचं झाड ओलांडायचं, मग डावीकडे, असं ती हाताने हवेत दाखवत होती आणि मध्येच म्हणाली, “सांगून नाही कळायचं. मला जावंच लागेल.”

तुझा निरोप ऐकल्यापासून ती विचित्र वागते आहे. ही तीच बाई, जी भरल्या सभेत डोक्याला “बोलू दे लोकांना” बांधून आली होती. काल तिने भात करपवला. गावातले लोक आता तिच्याशी बोलतात, तोंडदेखलं. ती त्यांच्याकडे बघतही नाही. लोकांची भीती तिला आयुष्यभर होती, ती गेली आणि त्या जागी दुसरीच येऊन बसली.

संध्याकाळी मी वाचनालयातून आले तर ती पायरीवर बसली होती. म्हणाली, “लुडी, त्याला कबर हवी म्हणून तो मला नेतोय. दाखवून झाल्यावर बोलेल का माझ्याशी?”

एकोणीस वर्षांपूर्वी चर्चच्या पायरीवर तिने जे केलं ते आठवलं. वाटलं, नाही म्हणावं, लागू दे तिला. मग तिचे हात बघितले. ते मांडीवर असे ठेवले होते, जसे दवाखान्यात नंबराची वाट बघणारी माणसं ठेवतात. वाटलं, हो म्हणावं. पण या घरात आता खोटं बोलायचं नाही, असं मी ठरवलं आहे.

“मला माहीत नाही, आई,” मी म्हटलं.

ती उठली. मग आत गेली आणि बॅग भरायला घेतली. जुलैला अजून महिना आहे, दादा.

लुडी